रंगाची कड

मोठ्या अमूर्त तैलचित्रासमोर उभा राहिलेला माणूस आधी रंगाबद्दल बोलतो. लाल किती भारदस्त आहे, निळा किती खोल आहे, पिवळा कसा अंगावर येतो. रंगाची ही ओढ खरी असते आणि तिच्यात काही गैर नाही. पण तो लाल कुठे थांबतो, कसा थांबतो, शेजारच्या रंगाला भिडताना सुरीने कापल्यासारखा तुटतो की हळूहळू विरत जातो, याकडे नजर जायला वेळ लागतो. अनेकांची ती कधीच जात नाही. हे पुस्तक त्या थांबण्याच्या जागेबद्दल आहे. चित्रातल्या रंगाचा निकाल त्याच्या मध्यभागी लागत नाही, कडेला लागतो, अशी माझी ठाम समजूत आहे आणि पुढची सगळी प्रकरणं ती तपासून पाहण्यासाठी लिहिली आहेत.

हे नुसतं चित्रकाराचं मत नाही. अमेरिकी दृष्टि-अभ्यासक टॉम कॉर्नस्वीट यांच्या नावाने ओळखली जाणारी एक आकृती आहे. एक करडी पट्टी, तिचे दोन भाग. दोन्ही भागांचा करडा रंग अगदी एकच. फक्त मधल्या सीमेपाशी डावीकडचा करडा थोडा थोडा गडद होत जातो आणि उजवीकडचा तेवढाच उजळ होत सीमेला येऊन मिळतो. एवढ्यानेच डावा भाग पूर्ण गडद दिसतो आणि उजवा पूर्ण उजळ. आता मधल्या सीमेवर एक पेन्सिल उभी धरा. फरक नाहीसा होतो, दोन्ही बाजू सारख्या दिसतात. पेन्सिल काढा, फरक परत हजर. डोळा सपाट जागेची फारशी दखल घेत नाही. जिथे बदल होतो तिथली खबर तो आधी घेतो आणि उरलेली जागा तिच्या आधाराने भरून काढतो. म्हणजे बोटभर रुंदीच्या कडेवर जे घडतं त्याने हातभर रुंदीचा रंग बदलतो.

चित्रकारांना हे प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ठाऊक होतं आणि रंगाऱ्यांनाही. पॅरिसच्या गोबेलँ या गालिचे आणि भित्तिवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात मिशेल यूजीन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगविभाग सांभाळत होता. काळा धागा फिका पडतो, त्याला जोर नाही, अशा तक्रारी त्याच्याकडे यायच्या. त्याने धागा तपासला तर रंगात खोट नव्हती. काळ्याशेजारी निळा आणि जांभळा विणला जात होता आणि त्या शेजाराने काळ्याची ताकद जात होती. त्यातून उभा राहिलेला त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये आला आणि पुढे फ्रेंच चित्रकारांच्या दोन पिढ्यांनी तो पचवला. शेव्रलची गोष्ट मला आवडते, कारण ती तक्रारीतून सुरू होते आणि रसायनातून बाहेर पडून डोळ्यापर्यंत येते.

विसाव्या शतकात योसेफ आल्बर्स यांनी हाच धागा पार टोकाला नेला. १९५० पासून पुढे पंचवीसेक वर्षं ते चौकोनात चौकोन एवढंच रंगवत राहिले. रंग ट्यूबमधून काढायचा, सुरीने सरळ फळीवर लावायचा, दोन रंग एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. आणि तरीही काही चित्रांत दोन चौकोनांमधली कड दिसेनाशी होते, कारण दोन्ही रंगांचा उजेड सारखा असतो. काही चित्रांत तीच कड थरथरते. हात एकच, सुरी एकच, रेषेचा काटेकोरपणा एकच, आणि कडेचं वागणं प्रत्येक वेळी वेगळं. चित्रकाराने कड कशी काढली आणि ती कशी दिसते या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आल्बर्सकडून शिकावं. त्यांची चित्रं मला थोडी कोरडी वाटतात हेही सांगून टाकतो. त्यांची शिकवण मात्र अजिबात कोरडी नाही.

आता तेलाबद्दल. मोठं अमूर्त चित्र अॅक्रिलिकमध्येही होतं, आज तर बहुतेक त्यातच होतं, मग तैलरंगासाठी वेगळं पुस्तक कशाला? कारण तैलरंगाची कड हा काळाचा व्यवहार आहे. अॅक्रिलिकमधलं पाणी उडून जातं आणि रंग काही मिनिटांत घट्ट होतो. चिकटपट्टी लावायची, रंग द्यायचा, पट्टी ओढायची, की धारदार कड तयार. जवसाचं तेल असं वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होत जातं. बोटाला रंग लागणार नाही इतपत वाळायला काही दिवस, आतून पक्कं व्हायला महिने, जाड थर असेल तर वर्षं. या मधल्या काळात कड उघडी असते. चित्रकार दुसऱ्या दिवशी येऊन ती पुसू शकतो, कोरड्या ब्रशने ओढू शकतो, टर्पेंटाइनच्या फडक्याने अर्धी उचलू शकतो. शिवाय सगळे रंग एका वेगाने वाळत नाहीत. अंबरमध्ये मँगनीज असतं, तो लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो. कॅडमियम लाल झाकतो, अल्ट्रामरीन आणि अलिझरिन खालचं दाखवतात. दोन रंग शेजारी ठेवले की दोन वेग आणि दोन पारदर्शकता शेजारी येतात आणि कडेवर त्यांचं जमवावं लागतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या परंपरेत शिकवताना ‘आधी पातळ, मग तेलकट’ हा नियम सांगितला जातो तो पापुद्रे सुटू नयेत, तडे जाऊ नयेत म्हणून. पण त्याच नियमाने कोणती कड खाली राहणार आणि कोणती वर येणार हेही ठरतं.

तेलाची आणखी एक गंमत आहे. जुनं होत गेलं की ते अधिक पारदर्शक होतं. वरच्या पातळ थराखाली झाकलेली पहिली कड काही दशकांनी वर दिसू लागते. युरोपातल्या जुन्या चित्रांत घोड्याला पाचवा पाय उगवलेला दिसतो तो यामुळे. अमूर्त चित्रात पाय नसतो, म्हणून हा बदल कुणाच्या लक्षात येत नाही, पण तो होत असतोच.

अमेरिकेत १९४८ च्या जानेवारीत बार्नेट न्यूमन यांनी गडद तांबड्या-तपकिरी कॅनव्हासवर मधोमध एक उभी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर कॅडमियम लाल रंग देऊन पाहिला. पट्टी नंतर काढायची असा बेत होता. त्यांनी ती काढली नाही. चित्र तिथेच थांबवलं आणि महिनोन्‌महिने नुसतं पाहत राहिले. ‘वनमेंट १’ हे ते चित्र जेमतेम सव्वादोन फूट उंचीचं आहे. त्यातली लाल पट्टी वेडीवाकडी, कडांना खरबरीत आहे. पुढे १९५०-५१ मध्ये त्यांनी आठ फूट उंच आणि जवळजवळ अठरा फूट रुंद असं लाल चित्र केलं, ‘व्हिर हिरोइकस सब्लिमिस’. त्यात पाच उभ्या पट्ट्या आहेत. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये ते आहे. एक पट्टी पांढरी, झगझगीत, लालाला चिरत जाणारी. एक गडद, लालात खोल उतरलेली. त्यांच्यामुळे तोच लाल पट्टीच्या एका बाजूला वेगळा आणि दुसऱ्या बाजूला वेगळा भासतो. प्रदर्शनात न्यूमन यांनी सूचना लावली होती की मोठी चित्रं लोक लांबून पाहतात, ही जवळून पाहावीत. जवळ गेलं की चित्राच्या चारही बाहेरच्या कडा नजरेतून सुटतात आणि या पाच उभ्या कडा एवढाच आधार उरतो. आकार मोठा का हवा याचं उत्तर मला या चित्रात मिळतं. भव्यतेचा सोस म्हणून नव्हे. चौकट नजरेबाहेर जाईपर्यंत रंग मोकळा होत नाही, म्हणून.

मार्क रॉथको यांनी नेमकं उलट केलं. त्यांच्या चित्रातले आयत कुठे सुरू होतात ते बोट ठेवून दाखवता येत नाही. पातळ केलेल्या रंगाचे थरावर थर, कडेला ब्रश आणि फडक्याने पिंजलेले. चित्रापासून हातभर अंतरावर, साधारण अठरा इंचांवर उभं राहावं असं ते सुचवत. चित्राला चौकट घालत नसत आणि कॅनव्हास लाकडावरून वळतो त्या बाजूही रंगवत. तिथे बराच वेळ एका जागी नजर ठेवून उभं राहिलं की आयत फिका पडतो, जवळजवळ जातो, आणि डोळा हलला की परत येतो. याला कुणी साक्षात्कार म्हणतं. स्विस वैद्य इग्नाझ ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्येच याची नोंद केली होती. नजर स्थिर ठेवली की मऊ कडेचा, शेजाऱ्याशी फारसा विरोध नसलेला रंग दिसेनासा होतो. धारदार कड मात्र सहसा टिकते. रॉथको यांनी ट्रॉक्सलर वाचला होता की नाही याने काही बिघडत नाही. त्यांच्या हाताला ते कळलं होतं. आणि कारण कळल्याने त्या अनुभवाची किंमत तसूभरही कमी होत नाही, असं मी अगदी मनापासून सांगतो.

रॉथको यांचीच एक दुःखद हकीकत या विषयाला धरून आहे. हार्वर्ड विद्यापीठासाठी त्यांनी केलेली पाच भित्तिचित्रं १९६४ मध्ये एका उंच इमारतीतल्या भोजनकक्षात लागली. खिडक्यांतून भरपूर ऊन यायचं. त्यांनी वापरलेला लिथॉल रेड उन्हात टिकत नाही. किरमिजी रंग उडून चित्रं निळसर-करडी झाली आणि १९७९ मध्ये ती उतरवून कोठारात ठेवावी लागली. वर रंग चढवून ती दुरुस्त करणं म्हणजे रॉथको यांचा हात पुसून टाकणं होतं. तो मार्ग कुणी घेतला नाही. २०१४ मध्ये तिथल्या संवर्धकांनी जुन्या छायाचित्रांवरून उडालेला रंग हिशेबाने काढला आणि प्रकाशाच्या रूपात, ठिपक्या ठिपक्याने, चित्रावर पाडला. प्रदर्शनाच्या वेळेत चित्र पूर्वीचं दिसे. दिवा बंद केला की पुन्हा करडं. हे जमलं, कारण रंग उडाला तरी रॉथको यांच्या ब्रशने पिंजलेली कड कॅनव्हासवर होती तशी होती आणि प्रकाशाला बसायला जागा होती.

हेलन फ्रँकेन्थॅलर यांचं ‘माउंटन्स अँड सी’ (१९५२) मात्र थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर या पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. तेविसाव्या वर्षी त्यांनी सुमारे सात फूट बाय दहा फुटांचा कोरा, अस्तर न दिलेला कॅनव्हास जमिनीवर पसरला आणि टर्पेंटाइनने पाण्यासारखा पातळ केलेला तैलरंग त्यावर ओतला. रंग कापडात मुरला. कड काढलीच नाही. कापडाने जिथवर ओढलं तिथवर रंग गेला. कालांतराने अशा डागांभोवती तेलाची एक फिकट कडा उमटते, कागदावर भजी ठेवल्यावर तेल पुढे सरकतं तशी. रंगाची कड एक आणि तेलाची कड दुसरी, अशी जोडी तयार होते. तेलाने उघडं कापड कमजोर होतं हा त्यातला धोका आहे, आणि बहुधा म्हणूनही पुढच्या लोकांनी या पद्धतीसाठी अॅक्रिलिक पत्करलं.

आता आपल्या माणसाकडे येतो. वासुदेव संतू गायतोंडे हे या पुस्तकाचं मध्यवर्ती पात्र आहेत. मराठी वाचक म्हणून आपला त्यांच्यावर हक्क आहे म्हणून नव्हे. कडेच्या बाबतीत जगात कुणी न केलेली गोष्ट त्यांनी केली, म्हणून. गोव्याच्या कुटुंबातला, १९२४ साली नागपुरात जन्मलेला, गिरगावच्या चाळीत वाढलेला हा मुलगा १९४८ मध्ये जे. जे.तून बाहेर पडला. सुरुवातीच्या चित्रांत रेषा आहे, पॉल क्लेची आठवण आहे, भारतीय लघुचित्रांचे सपाट, शुद्ध रंग आहेत. लघुचित्रात रंग रेषेच्या कुंपणात राहतो. पन्नासचं दशक संपता संपता गायतोंडे यांनी माणसं काढून टाकली, मग रेषा काढून टाकली आणि रंग कुंपणाबाहेर आला. त्याला आता कोण थांबवणार, हा प्रश्न तिथून पुढे आयुष्यभर पुरला. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणं त्यांना पसंत नव्हतं. नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणा, असं त्यांचं म्हणणं असे.

त्यांनी ब्रश जवळजवळ बाजूला ठेवला आणि रोलर व पॅलेट नाइफ घेतली. माझ्या मते तिथे सगळं फिरलं. ब्रशच्या फटकाऱ्याला दिशा असते, सुरुवात आणि शेवट असतो, त्यामागे हात दिसतो. रोलर रंग पसरवतो आणि हाताची खूण पुसत जातो. एक पातळ थर, तो वाळू द्यायचा, त्यावर दुसरा, मग नाइफने थोडा खरवडायचा. पुढे वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद फाडून किंवा कापून ओल्या रंगावर दाबायचे आणि उचलायचे, अशी पद्धतही त्यांनी बसवली. कागद उचलताना त्याच्याबरोबर थोडा रंग निघून येतो, थोडा मागे राहतो.

असं एक चित्र जवळून पाहा. सत्तरच्या दशकातलं, पुरुषभर उंचीचं उभं चित्र. लांबून ते एकाच रंगाचं वाटतं. जवळ गेलं की मध्यरेषेच्या आसपास काही अक्षरासारखे, खुणेसारखे आकार तरंगताना दिसतात. त्यातल्या एका आकाराच्या कडेवर नजर ठेवा. वरच्या बाजूला कागद कात्रीने कापल्याचं स्पष्ट दिसतं, ओळ सरळ जाते. खाली येताना त्याच आकाराचा रंग दाणेदार होतो, मधून खालचा थर डोकावतो आणि वीतभर अंतरात आकार आणि पार्श्वभूमी यांच्यात फरक उरत नाही. एकाच आकाराला एका अंगाने न्यूमनची कड आहे आणि दुसऱ्या अंगाने रॉथकोची. त्यामुळे तो आकार पृष्ठभागावर चिकटत नाही आणि आत बुडतही नाही. तो वर येतोय की खाली जातोय हे डोळ्याला ठरवता येत नाही आणि डोळा तिथे अडकून राहतो. ज्याला लोक गायतोंडेंच्या चित्रातली शांतता म्हणतात ती मला या न ठरण्यातून आलेली वाटते. तिच्यासाठी प्रचंड मेहनत आणि प्रचंड वाट पाहणं लागलेलं आहे. ते वर्षाला मोजकीच, पाच-सहा चित्रं करत. बाकीचा वेळ कॅनव्हाससमोर बसणं हेच काम होतं. तेल वाळायला लागणारा वेळ आणि माणसाला पाहायला लागणारा वेळ त्यांनी जुळवून घेतला होता.

१९६४-६५ मध्ये रॉकफेलर निधीवर ते न्यूयॉर्कला राहिले. म्हणून त्यांना ‘भारतीय रॉथको’ म्हणण्याची एक सोय पडली आहे. ती मला मान्य नाही. रॉथको कड विरवतात ती ब्रशने, वरून, रंग लावत लावत. गायतोंडे ती मिळवतात काढून घेत घेत, खरवडून, कागदाने उचलून. दोघांच्या चित्रांतला उजेड वेगळ्या जागेवरून येतो. शिवाय न्यूयॉर्कला जाण्याआधीच, साठच्या दशकाच्या अगदी आरंभी, त्यांचे रंग असे थरातून बोलायला लागले होते.

१९८४ मध्ये त्यांना मोठा अपघात झाला आणि काही काळ मोठे कॅनव्हास सुटले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची छोटी कामं केली. काळी शाई आणि पांढरा कागद, थर नाहीत, वाट पाहणं नाही. पुन्हा तैलरंगाकडे वळल्यावरच्या चित्रांत काही ठिकाणी आकार अधिक ठाम होतात. शाईतून ते तिथे आलं, असा माझा अंदाज आहे आणि शेवटच्या प्रकरणात त्यासाठी चित्रं समोर ठेवली आहेत.

गायतोंडे या माणसाबद्दल जाणून घ्यायचं असेल तर सतीश नाईक यांनी संपादित केलेला ‘चिन्ह’ प्रकाशनाचा ‘गायतोंडे’ ग्रंथ मराठीत आहे. ते काम मी पुन्हा केलेलं नाही. लिलावातल्या किमतींबद्दलही या पुस्तकात काही सापडणार नाही. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईत त्यांचं एक चित्र सुमारे २३.७ कोटी रुपयांना गेलं आणि तेव्हापासून त्यांच्या चित्रापुढे लोक आकडा मनात धरून उभे राहतात. ध्यान, शून्य, मौन हे शब्दही मी जपून वापरले आहेत. झेन आणि निसर्गदत्त महाराज यांची ओढ त्यांना होती हे खरं, पण हे शब्द आधी ऐकून आलेला प्रेक्षक चित्रात तेच शोधतो आणि समोरच्या दाणेदार, खरवडलेल्या, कागदाने ओरबाडलेल्या कडेकडे त्याचं लक्ष जात नाही. आधी कड पाहावी. मौन असेल तर ते तिथूनच येईल.

छपाईची अडचण मात्र मोठी आहे. छापील पान चार रंगांच्या ठिपक्यांनी बनतं आणि ठिपके मऊ कडेचं वाटोळं करतात. मोबाइलचा कॅमेरा तर कड आपणहून धारदार करतो, त्याला तसंच शिकवलेलं असतं. म्हणून या पुस्तकात पूर्ण चित्रं फार लहान आणि अगदी मोजकी छापली आहेत. त्यांच्या जोडीला कडेचे तुकडे मूळ मापात, एकास एक, दिले आहेत. पूर्ण चित्रासाठी घराबाहेर पडावंच लागेल. मुंबईकरांना त्यासाठी फार लांब जायला नको: काळा घोड्याजवळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. तो संग्रह आलटून पालटून मांडला जातो, तेव्हा जाण्याआधी फोन करून विचारावं. गेल्यावर चित्रापासून आधी दहा फुटांवर, मग हातभर अंतरावर उभं राहावं आणि दोन्ही ठिकाणांहून एकच कड पाहावी. वरून पडणारा दिवा पृष्ठभागावर चकाकत असेल तर थोडं बाजूला सरकावं. जाड रंगाची कड तिरप्या उजेडात आपली सावली दाखवते.

प्रकरणांचा क्रम काळाप्रमाणे नाही. पहिलं प्रकरण जवसाच्या तेलाचं आहे, दुसरं चिकटपट्टीचं, तिसरं फडक्याचं, चौथं उघड्या कापडाचं, आणि नंतरची तीन रोलर, नाइफ आणि कागद यांची. विद्यार्थ्यांनी पहिलं प्रकरण वगळू नये. त्यात अंबर आणि आयव्हरी ब्लॅकचे थर शेजारी लावून रोज कड तपासायचा एक सराव दिला आहे, त्याला महिनाभर लागतो.